पाणबुड्यांचा विसंपीडन-विकार आणि घाटमाथ्यावरील परतीचा प्रवास

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा तालुका पर्जन्यछायेतील. माण नदी वर्षाचा बराच काळ कोरडी असते आणि तेथील शेती व संसार हे दोन्ही जुन्या काळापासून विहिरींच्या आधाराने उभे राहिलेले आहेत. विहिरीची खोली तेथे, महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, परसांत सांगितली जाते. ‘परस’ हे ‘पुरुष’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी घडलेले रूप असून उभ्या माणसाचे माप असा त्याचा अर्थ आहे. पाच-सहा परस पाण्यात तळ गाठून बुडालेली घागर किंवा दोर तुटून पडलेला पोहरा वर काढणारे पट्टीचे पोहणारे अशा गावांतून पूर्वीपासून आढळतात. ते काठावरून मुटका मारतात, तळाशी मिनिटभर चाचपडतात आणि वर येतात. त्यांना दम लागतो, क्वचित कान दुखतात; परंतु वर आल्यावर तासाभराने खांदा धरला किंवा पाय लुळे पडले, असे त्यांच्याबाबतीत घडत नाही. याउलट समुद्रात त्याहून काहीशा अधिक खोलीवर, पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून दीर्घकाळ काम करणारा पाणबुड्या सुखरूप वर येतो, हसतबोलत कपडे बदलतो, आणि त्यानंतर काही वेळाने त्याच्या सांध्यांत कळा येऊ लागतात. पाणी दोन्हीकडे पाणीच आहे. मग हा भेद कशामुळे पडतो, हा या विषयाचा मूळ प्रश्न होय.

(विहिरीतील गाळ काढताना माणसे गुदमरून दगावतात, ती गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. तेथे प्राणवायूचा अभाव किंवा विषारी वायूंचा संचय हे कारण असते. दाबाचा त्याच्याशी संबंध नसतो. वृत्तपत्रांतून या दोहोंची गल्लत कधीकधी होते, म्हणून हा उल्लेख.)

दाब, काळ आणि नायट्रोजन

समुद्रसपाटीवर मनुष्याच्या शरीरावर एक वातावरण इतका दाब असतो. पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. दहा मीटरांवर तो दुप्पट होतो, तीस मीटरांवर चौपट. सिलिंडरमधून श्वास घेणाऱ्या पाणबुड्यास त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा मिळत असते. तशी ती न मिळाली तर त्याला छाती फुगवताच येणार नाही. या दाबयुक्त हवेतील सुमारे चार पंचमांश भाग नायट्रोजनचा असतो. प्राणवायू शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा त्याला काही उपयोग नाही. तो केवळ रक्तात विरघळतो आणि रक्तावाटे स्नायू, मेद, सांधे व मज्जारज्जू यांत जाऊन साठतो. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण दाबाच्या प्रमाणात वाढते, हा हेन्रीचा १८०३ मधील नियम येथे लागू पडतो.

साठवण मात्र क्षणात होत नाही. रक्ताचा भरपूर पुरवठा असलेल्या ऊती काही मिनिटांत भरतात. मेद, कंडरा यांसारख्या ऊतींना तास लागतात. विहिरीत बुडी मारणाऱ्याचे संरक्षण होते ते येथे. तो आपल्याबरोबर खाली नेतो ती हवा एका श्वासाची, म्हणजे फार तर पाच-सहा लिटर. दाबाने तिचे आकारमान कमी होते, तिच्यातील थोडा नायट्रोजन रक्तात शिरतोही. पण वायूचा एकूण साठाच मर्यादित आणि मुक्काम मिनिटा-दीड मिनिटाचा. सिलिंडर बांधलेला पाणबुड्या मात्र प्रत्येक श्वासासरशी दाबयुक्त नायट्रोजनची नवी भर शरीरात घालीत राहतो.

या संरक्षणालाही मर्यादा आहे. दक्षिण पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांवरील मोतीशिंपले काढणारे लोक केवळ श्वास रोखून, परंतु तीस-चाळीस मीटर खोलवर आणि दिवसातून कित्येकदा, मध्ये अल्प विश्रांती घेऊन बुड्या मारीत. त्यांच्यात चक्कर, अर्धांग आणि कधी मृत्यू आणणारा एक विकार आढळे. त्याला ते ‘तारावाना’ म्हणत. वेड्यासारखे कोलमडणे असा त्या शब्दाचा आशय सांगितला जातो. हा विकार बुडबुड्यांचाच असावा, असे आज मानले जाते. सांगोल्यातील विहीर तेवढी खोल नसते आणि पोहरा काढण्याचे काम दिवसातून पन्नास वेळा कोणी करीत नाही, एवढेच.

आता वर येण्याचा विचार करू. दाब कमी होताच विरघळलेला नायट्रोजन ऊतींतून रक्तात, रक्तातून फुप्फुसांत आणि तेथून बाहेर जाऊ लागतो. वर येण्याची गती संथ असेल तर ही वाट पुरेशी ठरते. ती जलद असेल तर वायू बाहेर पडण्याऐवजी आहे त्या जागीच बुडबुड्यांच्या रूपाने मोकळा होतो. सोड्याची बाटली झाकण उघडण्यापूर्वी निश्चल दिसते आणि उघडताच फसफसते, हे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते व ते योग्यही आहे. मात्र त्यातून एक गोष्ट सुटते. बाटली फसफसून मोकळी होते. शरीरातील बुडबुडा मोकळा होत नाही. तो सांध्यालगत अडकतो, मज्जारज्जूतील नीलांचा मार्ग अडवतो, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा करतो आणि त्या इजेमुळे रक्त गोठण्याची व सूज येण्याची प्रक्रिया सुरू होते. यामुळेच बुडबुडा विरल्यानंतरही विकार उरू शकतो.

नावांचा इतिहास

या विकाराचा शोध समुद्रात लागला नाही, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटेल. फ्रेंच अभियंता त्रिजेर याने १८४० च्या सुमारास ल्वार नदीकाठच्या कोळशाच्या खाणीत पाणी शिरू नये म्हणून दाबयुक्त हवेने भरलेल्या लोखंडी कोठीचा उपयोग केला. त्या कोठीत काम करून बाहेर आलेल्या मजुरांचे सांधे दुखू लागले, अशी नोंद त्याने १८४१ मध्ये केली. पोल आणि वातेल या दोघा फ्रेंच वैद्यांनी १८५४ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. दाबाखाली असेपर्यंत काही होत नाही, त्याची किंमत चुकवावी लागते ती बाहेर पडताना, हे त्यांचे निरीक्षण आजही या विषयाचे सार म्हणून सांगितले जाते. पुन्हा दाबाखाली गेल्यास वेदना थांबतात, हेही त्यांच्या ध्यानी आले होते.

फ्रेंच भाषेत मोठ्या पेटीला ‘केसाँ’ म्हणतात. पुलांचे पाये खणण्यासाठी नदीच्या तळाशी बसवलेल्या या पेट्यांमुळे इंग्रजीत ‘केसन डिसीझ’ हे नाव आले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावरील वैद्य अँड्र्यू स्मिथ यांनी १८७३ मध्ये ते रूढ केले. त्या पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच विकाराने पंगू झाला आणि उरलेले काम त्याने घरातून, पत्नी एमिली हिच्यामार्फत, पूर्ण करून घेतले. मजुरांनी मात्र वैद्यांच्या नावाची वाट पाहिली नाही. त्या काळी अमेरिकेतील फॅशनेबल स्त्रिया पुढे किंचित वाकून चालत आणि त्या ढबीला ‘ग्रीशियन बेंड’ म्हणत. वेदनेने वाकलेल्या सहकाऱ्यास मजूर चेष्टेने तेच नाव देऊ लागले आणि त्यातून ‘बेंड्स’ हा शब्द उरला. पुढे समुद्रातील पाणबुडे आणि उंचावरून उडणारे वैमानिक यांतही तोच विकार आढळल्यावर पेटीचे नाव अपुरे पडले आणि दाब कमी होण्याच्या क्रियेवरून नाव देण्यात आले. मराठीत त्यास विसंपीडन-विकार म्हणता येते. संपीडन म्हणजे दाबणे, विसंपीडन म्हणजे तो दाब काढून घेणे. शब्द अवजड आहे, परंतु एका बाबतीत तो चोख आहे : दोष दाबाचा नसून दाब जाण्याचा आहे, हे तो सांगतो. बोलीतील ‘बुडणे’, ‘बुडी’, ‘पाणबुड्या’ ही सर्व शब्दसंपत्ती खाली जाण्याविषयी आहे. जो धोका वर येण्यात आहे त्याला बोलीत नाव नाही, कारण विहिरीच्या जगात तो धोकाच नव्हता.

बुडबुडे नायट्रोजनचे असतात हे पॉल बेर याने १८७८ मध्ये सिद्ध केले. इंग्लंडमध्ये बॉयकॉट, डॅमंट व हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये पहिली शास्त्रीय कोष्टके दिली. शरीर हे वेगवेगळ्या वेगाने भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या पाच काल्पनिक ऊतींचे बनलेले आहे असे मानून, पाच मिनिटांत अर्धी भरणाऱ्या ऊतीपासून पंचाहत्तर मिनिटांत अर्धी भरणाऱ्या ऊतीपर्यंत, त्यांनी गणित मांडले. दाब एकदम निम्म्यावर आणला तरी चालतो, त्याहून खाली आणताना टप्प्याटप्प्याने थांबले पाहिजे, हे त्यांचे सूत्र होते. दीर्घ मुक्कामाच्या बाबतीत ते सूत्र सैल ठरले व पुढे दुरुस्त झाले. तथापि आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील संगणक मूलतः हाल्डेनच्याच पद्धतीने हिशेब करतो. अमेरिकन नौदलाच्या विसाव्या शतकाच्या मध्यातील कोष्टकांप्रमाणे ६० फुटांवर ६० मिनिटे आणि १०० फुटांवर २५ मिनिटे राहून मध्ये न थांबता वर येता येत असे. वर येण्याची गती पूर्वी मिनिटास ६० फूट मानली जाई. आता ती ३० फूट, म्हणजे सुमारे नऊ मीटर, मानली जाते.

लक्षणे

लक्षणे बहुधा वर आल्यापासून सहा तासांच्या आत दिसू लागतात. निम्म्याहून अधिक रुग्णांत पहिल्या काही तासांतच. चोवीस तासांनंतर प्रथमच दिसणे विरळा, परंतु मध्ये उंचीवर जाणे झाले असेल तर ते संभवते. खांदा व कोपर येथील खोल, बोट ठेवून दाखवता न येणारी वेदना हे सर्वांत परिचित लक्षण. त्वचेवर संगमरवरासारखे निळसर-तांबूस चट्टे उठतात. थकवा इतका येतो की, केवळ पोहण्याचे श्रम त्याचे स्पष्टीकरण देऊ शकत नाहीत. याहून गंभीर प्रकारात पायांत मुंग्या, बधिरता, लघवी अडणे, कमरेखालचा लुळेपणा ही मज्जारज्जूची लक्षणे किंवा अंतःकर्णास इजा होऊन भोवळ व वांत्या ही लक्षणे आढळतात. फुप्फुसांत बुडबुड्यांची गर्दी झाल्यास खोकला, छातीत कळ व धाप यांचा प्रकार होतो. तो क्वचित आणि घातक.

नियम पाळणाऱ्यासही हा विकार होऊ शकतो, हे शिकवणीत पुरेसे सांगितले जात नाही. निरोगी पाणबुड्यांच्या नीलांतही वर आल्यावर बुडबुडे असतात व ते फुप्फुसांत गाळले जातात, असे ध्वनिलहरींच्या तपासणीने दिसून आले आहे. गर्भावस्थेत हृदयाच्या दोन अलिंदांमध्ये असणारे छिद्र सुमारे एक चतुर्थांश प्रौढांत पुरते बुजलेले नसते. अशा व्यक्तीत बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट रोहिणीत जाऊ शकतात. तेव्हा विकार झाला म्हणजे पाणबुड्याने हलगर्जीपणा केला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. या अन्यायाच्या भीतीनेच अनेकजण वेदना लपवतात आणि उपचाराचा मोलाचा वेळ गमावतात.

श्वास रोखण्याची सवय

मालवण, तारकर्ली आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात अलीकडच्या काळात हौशी लोकांसाठी सिलिंडर बांधून पाण्यात उतरवण्याचा व्यवसाय वाढला आहे. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षणसंस्थाही आहे. सुट्यांमध्ये देशावरून पुष्कळ लोक तेथे जातात. प्रशिक्षकाने हात धरून उथळ पाण्यात थोड्या मिनिटांसाठी घडवलेल्या अशा बुडीत विसंपीडन-विकाराचा संभव अत्यल्प असतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तेथील खरा धोका निराळा आहे, आणि तो नेमका विहिरीत पोहायला शिकलेल्या मनुष्यास अधिक आहे.

विहिरीत उतरणाऱ्याची सारी तालीम श्वास रोखण्याची असते. पाण्याखाली तोंड मिटायचे, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. सिलिंडरने श्वास घेताना याच्या नेमके उलट वागावे लागते. पाच मीटर खोलीवर दीडपट दाबाची हवा छातीत भरून घेतली आणि घाबरून, श्वास रोखून मनुष्य वर आला, तर ती हवा पृष्ठभागाशी दीडपट पसरते. छातीत तेवढी जागा नसते. वायुकोश फाटतात आणि हवा सरळ रोहिणीत शिरून मेंदूकडे जाते. वर येताक्षणी किंवा काही मिनिटांत शुद्ध हरपणे, झटके येणे, एक बाजू लुळी पडणे असे त्याचे स्वरूप असते. फुप्फुसे पूर्ण भरलेली असतील तर असा अपघात दीड-दोन मीटर खोलीवरूनही होऊ शकतो. विहिरीत हा प्रसंग येत नाही. कारण तेथे छातीतील हवा काठावरच घेतलेली असते व वर येताना ती मूळ आकारमानाहून अधिक पसरू शकत नाही. ‘मला पोहता येते’ हे वाक्य मालवणच्या होडीत जितक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते तितके ते आश्वासक नाही. बुडबुडा नायट्रोजनचा असो वा फाटलेल्या वायुकोशातून आलेल्या हवेचा, उपचार मात्र बहुतांशी एकच आहे.

समुद्रातील विहिरी

मनुष्य हौसेने नव्हे तर पोटासाठी खोल उतरतो तेव्हा प्रश्न किती बिकट होतो, हे पाहण्यासही महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावरील ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र ‘सागर सम्राट’ या छिद्रण-जहाजाने १९७४ मध्ये शोधले आणि १९७६ मध्ये तेथून तेल मिळू लागले. तेथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर आहे. तळाशी अंथरलेल्या नळांची तपासणी व जोडणी पाणबुड्यांना करावी लागते. साडेआठ वातावरणांच्या दाबाखाली थोडा वेळ काम करून वर यायचे म्हटले तर कामापेक्षा वर येण्याच्या थांब्यांतच अधिक काळ जातो. यावर काढलेला तोडगा विलक्षण आहे. शरीरातील ऊती एकदा वायूने पूर्ण भरल्या की त्यांत आणखी भर पडत नाही. मग एक दिवस राहा किंवा वीस दिवस, वर येण्यास लागणारा काळ सारखाच. म्हणून पाणबुड्यांना जहाजावरील दाबकक्षातच ठेवतात. जेवण, झोप, सर्व त्याच दाबात. कामाच्या वेळी ते दाबयुक्त घंटेतून तळाशी जातात व पुन्हा कक्षात येतात. मुदत संपल्यावर दाब एकदाच उतरवतात. तीस मीटरांना साधारण एक दिवस आणि वर एक दिवस, या हिशेबाने ७५ मीटरांसाठी तीन-चार दिवस लागतात.

नायट्रोजन दाबाखाली मादक ठरतो, म्हणून तेथे हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण श्वसनास देतात. भाषेच्या अभ्यासकास यातील एक उपप्रश्न लक्षणीय वाटावा. हेलियममध्ये ध्वनीचा वेग पुष्कळ अधिक असल्याने मुखविवराच्या अनुनादांच्या कंप्रता वर सरकतात, स्वरतंतूंचा मूळ सूर मात्र फारसा बदलत नाही. परिणामी स्वरांची ओळख पटेनाशी होते आणि मनुष्याचे बोलणे बदकाच्या आवाजासारखे भासते. पाणबुड्याचे शब्द वरच्या देखरेख करणाऱ्यास कळावेत यासाठी विद्युत्-यंत्राने ते अनुनाद पुन्हा खाली आणावे लागतात. ‘आ’ आणि ‘ए’ यांतील भेदावर तेथे एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

अशा कक्षातील मनुष्य जहाजावर असूनही जहाजावर नसतो. त्याचा काय अर्थ होतो, हे २७ जुलै २००५ रोजी दिसून आले. आदल्या दिवशी मुंबईत विक्रमी पाऊस झालेला, समुद्र खवळलेला, हेलिकॉप्टरे जमिनीवर अडकलेली. ‘समुद्र सुरक्षा’ या साहाय्यक जहाजावरील बोटांना दुखापत झालेल्या स्वयंपाक्यास फलाटावर पोचवण्यासाठी ते जहाज मुंबई हाय उत्तर या तेलफलाटाजवळ आणण्यात आले, ते फलाटाच्या वायुनळावर आदळले आणि भडका उडाला. सुमारे दोन तासांत फलाट समुद्रात कोसळला. बावीस माणसे प्राणास मुकली. आग जहाजालाही लागली होती आणि त्या वेळी त्याच्या दाबकक्षात सहा पाणबुडे होते. इतरांनी समुद्रात उड्या टाकल्या, नावा गाठल्या. या सहा जणांना दार उघडून बाहेर पडणे शक्य नव्हते. दार उघडणे म्हणजे बाटलीचे झाकण उडवणे. आग, धूर आणि बुडते जहाज यांच्यामध्ये ते बंद राहिले आणि सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली. जहाज १ ऑगस्टला बुडाले. त्या अपघाताच्या वृत्तांतात ही सहा माणसे एका ओळीची धनी झाली; या शास्त्राच्या दृष्टीने मात्र तीच ओळ सर्वांत बोलकी आहे.

उपचार

उपचाराचे तत्त्व पोल आणि वातेल यांच्याच काळात दिसले होते, पण त्याचा पद्धतशीर उपयोग अभियंता मॉयर याने १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील बोगद्यावर केला. तेथे पंचेचाळीस-पन्नास मजुरांमागे दरमहा एक मृत्यू होत असे. त्याने दाबाचा एक कक्ष केवळ रुग्णांसाठी बांधला आणि मृत्यू जवळजवळ थांबले.

बुडबुडा दाबून लहान करणे एवढाच पुनःसंपीडनाचा हेतू असतो, असा समज आहे. साधे गणित केल्यास तो अपुरा ठरतो. आजच्या प्रचलित उपचारात रुग्णास १८ मीटर खोलीइतक्या, म्हणजे २.८ वातावरणांच्या दाबाखाली ठेवतात. त्यामुळे बुडबुड्याचे आकारमान जवळजवळ एक तृतीयांश होते. परंतु व्यास घनमुळाच्या प्रमाणात घटत असल्याने तो सुमारे ७० टक्के उरतो. केवळ एवढ्याने अडलेली रक्तवाहिनी मोकळी होईलच असे नाही. निर्णायक काम करतो तो प्राणवायू. रुग्ण शुद्ध प्राणवायू श्वसतो तेव्हा त्याच्या फुप्फुसांत नायट्रोजन नसतो. म्हणून बुडबुड्यातील नायट्रोजन रक्तात आणि रक्तातून बाहेर झपाट्याने जाऊ लागतो. शिवाय रक्तप्रवाह तुटलेल्या ऊतींना रक्तद्रवात विरघळलेला प्राणवायू मिळतो व सूज उतरते. गुडमन व वर्कमन यांच्या कामातून १९६० नंतरच्या दशकात सिद्ध झालेले अमेरिकन नौदलाचे ‘सहावे कोष्टक’ आजही जगभर मुख्य आधार आहे. त्यात एकूण ४ तास ४५ मिनिटे लागतात. उच्च दाबाखालील प्राणवायूने झटके येण्याचा संभव असल्याने दर वीस मिनिटांनंतर पाच मिनिटे साधी हवा देतात. आत बसलेला परिचारक मात्र साधी हवा श्वसत असतो. म्हणून शेवटी त्यालाही प्राणवायू द्यावा लागतो, अन्यथा रुग्ण बरा होऊन परिचारक आजारी पडावयाचा.

कक्षापर्यंत पोचेपर्यंत करावयाचे उपचार कोणत्याही तालुक्याच्या रुग्णालयात होण्याजोगे आहेत : रुग्णास आडवे ठेवणे, घट्ट बसणाऱ्या मुखवट्याने शक्य तितका शुद्ध प्राणवायू देणे, द्रवपदार्थ देणे, लघवी अडली असल्यास नळी घालणे. वेदनाशमनासाठी नायट्रस ऑक्साइड देऊ नये. तो वायू बुडबुड्यात शिरून त्याला फुगवतो. प्राणवायूने वेदना थांबली तरी कक्षातील उपचार टाळू नयेत, कारण ती परत येते. पुन्हा पाण्यात उतरून दाब घेण्याचा जुना मार्ग साधने व तज्ज्ञ हाताशी नसताना आत्मघातकी आहे. उशीर झाला म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. एक-दोन दिवसांनी पोचलेले रुग्णही सुधारतात, पण जितके लवकर तितके चांगले. महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर म्हणजे कुलाबा येथील नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय व तेथील नौवैद्यक संस्था. मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांत जखमा बऱ्या करण्यासाठी दाबकक्ष आहेत. परंतु लुळ्या पडलेल्या पाणबुड्यास तेथे घेतीलच असे गृहीत धरू नये, आधी विचारावे.

घाट

देशावरील मनुष्याच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे की, जिचा विचार किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकांत सहसा नसतो. पाण्याच्या पृष्ठभागावर आल्याने त्याचे वर येणे संपत नाही. मालवणहून सांगोल्यास परतणारी गाडी फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी एक घाट चढते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे; तेथे हवेचा दाब सुमारे ०.९२ वातावरण भरतो. पुढे कोल्हापूर-मिरजेवरून सांगोल्यापर्यंत रस्ता कोठेही समुद्रसपाटीच्या जवळपास येत नाही. स्वतः सांगोलाच चारशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. आठ टक्क्यांची ही घट विमानाच्या मानाने अल्प होय. विमानात दाब पाऊण वातावरणापर्यंत उतरतो. तथापि ज्याच्या ऊती मर्यादेच्या काठावर आहेत त्याला तेवढी पुरते.

‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेचे विमानप्रवासाविषयीचे संकेत ६०० ते २,४०० मीटर उंचीसाठी आहेत : एका साध्या बुडीनंतर १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास आणि थांबे घ्यावे लागलेल्या बुडीनंतर त्याहून पुष्कळ अधिक काळ थांबावे. अमेरिकन नौदलाची नियमपुस्तिका तर ३०० मीटरांपासूनच हिशेब धरते. घाटमाथा या दोन्ही मर्यादांत बसतो. उथळ पाण्यात एकदाच उतरून आलेल्या प्रवाशाने घाबरण्याचे कारण नाही. परंतु आता हौशी मंडळी शिकून पुढे जात आहेत. विजयदुर्गापासून शंभरएक किलोमीटर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेल्या ‘आंग्रिया बँक’ या प्रवाळ-उंचवट्याचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. अशा ठिकाणी दिवसाला दोन-तीन बुड्या मारून, दुपारी किनारा गाठून त्याच संध्याकाळी घाट चढणे म्हणजे लक्षणे उमटण्याच्या नेमक्या वेळी दाब आणखी उतरवणे होय.

रुग्णाला हलवतानाही हाच विचार लागू पडतो. मालवणात खांदा धरलेल्या मनुष्यास जवळचे मोठे शहर म्हणून कोल्हापुरास नेण्याची प्रवृत्ती स्वाभाविक आहे, पण ती त्याला घाट चढवते. किनाऱ्यालगतचा मुंबईचा रस्ता लांबचा असला तरी सयुक्तिक. हेलिकॉप्टर मिळालेच तर ते ३०० मीटरांच्या वर न नेण्याचा दंडक आहे.

सांगोल्यास पोचल्यावर रात्री लक्षणे सुरू झाली तर परिस्थिती अधिक अवघड होते. प्रवासातील धक्के, सिलिंडरचे ओझे, उन्हातील दमणूक अशी कारणे सहज सुचतात आणि तरुण मनुष्याच्या पायांतील मुंग्यांचा संबंध कालच्या समुद्राशी कोणी जोडीत नाही. गेल्या दोन दिवसांत पाण्याखाली सिलिंडरने श्वास घेतला होता काय, किती खोल, किती वेळ, आणि वर केव्हा आला, हे वैद्याने विचारले तर निदान बहुधा तेथेच होते. त्यानंतर मुंबईचा रस्ता पुण्यावरून, म्हणजे खंडाळ्यावरून जातो. लोणावळा-खंडाळ्याचा माथा सुमारे ६२० मीटर. सांगोल्याहून खाली समुद्राकडे निघालेला रुग्ण आधी थोडा वर चढतो आणि मगच उतरतो. म्हणून गाडीत प्राणवायू निदान बोरघाट पूर्ण उतरेपर्यंत पुरेल इतका घेऊन निघावे लागते. सांगोल्यात एक नळकांडे भरून निघाल्यास ते वाटेतच संपण्याचा संभव असतो, आणि दुसरे कोठे बदलावयाचे हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेवावे लागते.